सूर्य फुटबॉलएवढा, तर पृथ्वी मोहरीएवढी

प्रश्न: मुलगा सहावीत आहे, सूर्यमालेचं मॉडेल करायचंय. ग्रहांची साइज आणि अंतर दोन्ही बरोबर दाखवायचं म्हणतोय, एका पुठ्ठ्यावर जमेल का? आणि थर्माकोलच्या बॉलला स्प्रे पेंट मारला तर बॉलच विरघळला!
– एक आई, पंचवटी, नाशिक

उत्तर: ताई, मुलाचा प्रश्न एकदम भारी आहे, पण दोन्ही एकत्र नाही जमणार. हिशोब बघा ना, सूर्य 22 सेंटिमीटरचा फुटबॉल धरला तर पृथ्वी होते 2 मिलिमीटरची मोहरी आणि ती ठेवायची साडेतेवीस मीटर लांब, गुरूला आपलं टपोरं द्राक्ष चालेल पण ते जातं 122 मीटरवर, आणि नेपच्यूनचा वाटाणा तर तब्बल 700 मीटरवर! म्हणून पुठ्ठ्यावर फक्त साइज दाखवा, अंतरासाठी सकाळी गोदापार्कला जाऊन पावलं मोजत चाला, फोटो काढा आणि मॉडेलशेजारी लावा.

शनीची कडी जुन्या सीडीची मस्त होते. 5 सेंटिमीटरचा बॉल मधोमध कापून दोन्ही बाजूंनी चिकटवा, प्रमाणही जवळपास बरोबर येतं. त्याच मापाने गुरू 6 सेंटिमीटर, पृथ्वी जेमतेम अर्धा. सूर्य मात्र जवळजवळ 58 सेंटिमीटर होतो, त्यामुळे कोपऱ्यात त्याचा नुसता कमानीसारखा तुकडा रंगवा.

स्प्रेमधलं सॉल्व्हंट थर्माकोल खातं, पोस्टर कलर वापरा. आणि प्लूटो ग्रहांत नको, 2006 पासून तो बटुग्रह आहे.