नवा खेळ घेण्याआधी

इंदूरला आमच्या बैठ्या खेळांच्या गटात रविवारी पोहे आटोपले की पट मांडला जातो, आणि नवा सदस्य हमखास विचारतो की नुकताच आलेला अमुक खेळ घ्यावा का. माझे मत असे की, खेळ बाजारात येताच मिळालेल्या १० पैकी ९ गुणांवर विसंबू नये, कारण ते बहुधा त्याची आधीपासून वाट पाहत बसलेल्या उत्साही मंडळींनी एक-दोन डावांतच दिलेले असतात. त्यापेक्षा कमी गुण देणाऱ्याची तक्रार वाचावी आणि तो किती जणांत खेळला होता, तेही पाहावे. उदाहरणार्थ, २०२४ साली जर्मनीचा 'श्पील देस यारेस' (वर्षातला सर्वोत्तम खेळ) पुरस्कार मिळालेला 'स्काय टीम' हा खेळ फक्त दोघांचा आहे. वैमानिक आणि सहवैमानिक आपापल्या पडद्याआड प्रत्येकी ४ फासे टाकतात आणि त्यानंतर, विमान उतरवण्यासाठी कोणता फासा कुठे ठेवायचा, याविषयी चकार शब्द काढता येत नाही. माझ्या पत्नीला ही शांतता फार आवडली. सहा जणांच्या बैठकीत मात्र तो खेळ कपाटातच राहतो. पत्त्यांचा खेळ घेतलात, तर त्यांची प्लास्टिकची पाकिटेही सोबतच घ्या, कारण शेवेचा तेलकट हात लागलेला पत्ता पुढे पाठमोराही ओळखू येतो.