‘कॅन’ म्हणाले की ‘कान्ट’?

प्रश्न असा आलाय की इंग्लिश ऐकताना ‘आय कॅन’ आणि ‘आय कान्ट’ यातला फरक कळत नाही, शेवटचा ट तर ऐकूच येत नाही, आणि मग शिकवताना शब्द सुटे शिकवायचे की जोडून?

ट शोधत बसू नका. तो बऱ्याचदा पूर्ण उच्चारतच नाहीत, जीभ वरच्या दातांमागे टेकते आणि तिथेच थांबते. खरा फरक स्वरात आहे. होकार असेल तर ‘कॅन’वर जोर नसतो, तो आक्रसून नुसता ‘क्‌न’ होतो, आय क्‌न कम, आणि सगळा जोर ‘कम’वर. नकारात मात्र स्वर पूर्ण येतो, अमेरिकेत ‘कॅन्ट’, ब्रिटिश लोकांचा ‘कान्ट’. आता आपण मराठी माणसं प्रत्येक शब्दाला सारखंच वजन देतो, ‘आय कॅन कम’ असं ठणठणीत म्हणतो आणि अमेरिकन माणसाला वाटू शकतं की हा येणार नाहीये! एकेक शब्द बरोबर आणि निरोप उलटा. (वाक्य ‘कॅन’वरच संपत असेल, म्हणजे ‘यस आय कॅन’, तर मात्र तो पूर्णच म्हणायचा.)

‘क्‌न’मधे क आणि न यांच्यामधे जो पुसट अ उरतो त्याला श्वा म्हणतात, इंग्लिशमधे सगळ्यात जास्त येणारा स्वर हाच. टू, फॉर, ॲट, ऑफ, हॅव सगळे जोर नसला की याच्यावर येतात, म्हणून तर जन्मापासून इंग्लिश बोलणारेही ‘शुड हॅव’च्या जागी ‘शुड ऑफ’ लिहून जातात, कानाला दोन्ही ‘शुडव’च.

आणि हे आपल्याला परकं मुळीच नाही हो. आपण लिहितो करतो, म्हणतो कर्तो. ‘संबंध’मधला अनुस्वार म् होतो, ‘संताप’मधला न्, ‘संगत’मधे अजून वेगळा, पुढचं अक्षर बघून नाक आपोआप ठरवतं, कोणी शिकवलं नव्हतं. ‘टेन बॉईज’चं भरभर बोलताना ‘टेम बॉईज’ होतं ते अगदी हेच. मुलांना हे आधी मराठीत दाखवलं तर इंग्लिशची भीती निम्मी जाते असं माझं ठाम मत आहे.

शब्द जोडून येण्याने तर शब्दच बदललेत. ‘एप्रन’ हा मूळचा ‘नेप्रन’, ‘अ नेप्रन’ ऐकता ऐकता न मागच्या ‘अ’ला चिकटला आणि ‘ॲन एप्रन’ झालं. ‘न्यूट’ या प्राण्याचं उलटं, ‘ॲन यूट’सारख्या जुन्या रूपातला न पुढे सरकला आणि शब्दाचाच झाला.

शिकवायचं म्हणाल तर शब्द सुटाच ओळखू दे, पण ऐकायला पहिल्या दिवसापासून जोडलेलं द्या. ‘पिक इट अप’ हे तीन शब्द फळ्यावर लिहा आणि म्हणताना पि-कि-टप म्हणा, मुलांना विचारा किती शब्द ऐकले, बहुतेक जण एक म्हणतील. मग उलट्या बाजूने शेवटून बांधत यायचं, टप, किटप, पिकिटप. ‘गॉना’ (गोइंग टू), ‘वॉना’ (वाँट टू) बोलायची सक्ती नको, ऐकून कळलं की पुष्कळ झालं. बोललेच तर एवढंच सांभाळा की ‘गॉना’ क्रियापदाआधीच येतो, ‘आयम गॉना ईट’ चालतं, ‘आयम गॉना स्कूल’ कोणीच म्हणत नाही.