लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या तर नवीन मिररलेस घ्यावाच लागतो का?

तुमच्याकडं निकॉन डी7200 हा डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा आहे, सोबत 18-140 ची किट लेन्स आहे, ओळखीत दोन-चार ऑर्डरी मिळायला लागल्यात आणि आता अडीच लाखांचं कर्ज काढून नवीन फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला कॅमेरा घ्यावा का, असं विचारताय. नका घेऊ. निदान या सीझनला तरी नाही.

आता का ते सांगतो. आमच्या घरात या विषयावर दोन दिवाळ्या वाजल्या आहेत, त्यामुळं जरा लांबेल.

माझे मेव्हणेही याच धंद्यात. हप्त्यांवर नवीन मिररलेस घेतला आणि त्या दिवसापासून माझा निकॉन डी750 डीएसएलआर त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागला. "दाजी, 2014 चं मॉडेल आहे ते, आता शोकेसमध्ये ठेवा." हे एकट्यात नाही, सासुरवाडीच्या पंगतीत, चारचौघांसमोर. तशात त्यांच्याच मामेबहिणीचं लग्न निघालं. मिरजेच्या बाहेरचं कार्यालय, गोरज मुहूर्त, ऑर्डर दोघांत मिळून. नवरीची बाजू त्यांनी धरायची, नवरदेवाची मी.

स्टेजवर डेकोरेशनवाल्यानं जांभळे एलईडी पार सोडलेले. छताला गुलाबी कापड ताणलेलं. आता फ्लॅश वर मारला की उजेड त्या कापडावरून गुलाबी होऊनच खाली येणार, आणि हळद लागलेल्या चेहऱ्यावर तो कसा दिसतो ते एकदा बघाच. मी फ्लॅशचं डोकं डावीकडच्या पांढऱ्या भिंतीकडं वळवलं, 85 ची लेन्स लावली, आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) 1600, शटर 1/125. मेव्हणे फ्लॅशशिवाय. "बारा हजार आयएसओलाही क्लीन येतं दाजी, फ्लॅश कशाला?" वर सायलेंट शटर चालू, का तर मंगलाष्टकांत टकटक नको. बाहेर बँजो वाजतोय, आत भटजींच्या हातात माइक, आणि यांना शटरच्या आवाजाची काळजी!

'तदेव लग्नं' झालं, अंतरपाट निघाला, अक्षता पडल्या. रात्री कॉम्प्युटरवर कार्ड लावलं तर मेव्हण्यांच्या जवळजवळ प्रत्येक फोटोत आडवे पट्टे. नवरीच्या कपाळावर एक फिकट पट्टा, नाकावर काळपट, हनुवटीवर पुन्हा फिकट, करवलीच्या हातातल्या कऱ्ह्यावरसुद्धा. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर हे चटकन ध्यानात येत नाही.

कॅमेरा बिघडलेला नव्हता. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. स्वस्तातले एलईडी दिवे डोळ्यांना स्थिर दिसतात, पण सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होत असतात. एक ओळ वाचताना दिवा चालू, पुढची वाचताना बंद, म्हणून पट्टे. शिवाय बहुतेक कॅमेऱ्यांत या मोडमध्ये फ्लॅश पेटतच नाही. मेकॅनिकल शटर लावलं असतं तर त्याच कॅमेऱ्यानं बहुतेक सगळं निभावलं असतं. पण ते माहीत असायला लागतं, आणि ते बॉक्समध्ये मिळत नाही. अल्बमला वरमाला माझी गेली.

यावर मेव्हण्यांचं उत्तर ठरलेलं: "रिझोल्यूशनचं काय?" घ्या हिशेब. 12 बाय 36 च्या करिझ्मा अल्बमचं अर्धं पान म्हणजे 12 बाय 18 इंच. 300 डीपीआयनं (इंचाला 300 ठिपके) 3600 गुणिले 5400, साधारण साडेएकोणीस मेगापिक्सेल. डी750 चोवीसचा आहे, तुमचा डी7200 पण चोवीसचाच. आणि पार्टीला फोटो आधी व्हॉट्सअ‍ॅपवर हवे असतात, तिथं त्यांचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

आमच्या अण्णांनी तर सगळी लग्नं याशिका मॅट या रोलच्या कॅमेऱ्यावर काढली. 120 च्या रोलला बारा फोटो. भटजींना "थांबा काका, रोल बदलतो" म्हणायची सोय नव्हती. त्यामुळं अंतरपाटाच्या आधी रोलमध्ये किती शिल्लक आहेत, मामा कुठं उभा राहणार, हार आधी कोण घालणार, हे त्यांच्या डोक्यात पक्कं असायचं. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावालांचं काम बघा, स्पीड ग्राफिक आणि रोलिफ्लेक्स या जुन्या कॅमेऱ्यांवरचं. फ्लॅशचा एक बल्ब एकाच फोटोला. आमचे मेव्हणे नुसत्या हार घालण्यावर दोनशे फोटो मारतात आणि निवडायला मलाच बसवतात.

तर तुमचं. 18-140 अंधाऱ्या हॉलमध्ये दम तोडणार, झूम केलं की ती एफ 5.6 वर जाते, म्हणजे उजेड कमी आत घेते; एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त. एक 17-50 एफ 2.8 घ्या, एक 50 किंवा 85 एफ 1.8 घ्या, वापरलेल्या चालतील, काचेला बुरशी नाही ना ते टॉर्च मारून बघा. डोकं फिरणारे दोन फ्लॅश घ्या. डी7200 ला दोन कार्ड स्लॉट आहेत, दुसरा बॅकअपला ठेवा. सेकंड बॉडी भाड्यानं आणा, पण आणाच. एवढं करून अडीच लाखांतले बरेच उरतात.

आता खरं सांगायचं तर व्हिडिओ करणार असाल तर हे सगळं उलटं. माझ्या डी750 वर फोरके नाही, आणि हल्ली पार्टी सिनेमॅटिक मागते. आय ऑटोफोकसही, म्हणजे डोळ्यावर आपोआप फोकस धरणं, कामाची चीज आहे. माझे सगळे फोकस पॉइंट मधोमध दाटीवाटीनं बसलेत, वरातीत नाचणाऱ्यांचा फोकस धरताना घाम निघतो. पक्षी, कबड्डी वगैरे करत असाल तर मला विचारूच नका. निकॉननं 2020 नंतर नवा डीएसएलआर काढलेला नाही, तेव्हा कधीतरी जावं लागेलच. आज घेतलेल्या लेन्स तेव्हा, निकॉनच्या मिररलेसला जुन्या लेन्स जोडणाऱ्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरवर बसतील, फक्त स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या डी लेन्स घेऊ नका, त्यांचा ऑटोफोकस तिथं चालत नाही.

आणि मेव्हणे, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. पट्टे काढायला एडिटरला दिलेले पैसे अजून माझ्याच खात्यावर आहेत. पुढच्या हप्त्याआधी तेवढं बघा.