काळ्या मातीत पहिला मेटल डिटेक्टर

प्रश्न : काका, यावल तालुक्यात आमचं केळीचं आणि थोडं कपाशीचं वावर आहे. गेल्या महिन्यात निंदताना आईची पोत तुटून पडली. दोन वाट्या आणि सोन्याची बारीक साखळी होती. चार दिवस हातानं माती चाळली, काही मिळालं नाही. शिवाय वावरात तुटके बोल्ट, तारा, जुन्या फाळाचे तुकडे निघतात आणि रोटाव्हेटरची पाती जातात. म्हणून मेटल डिटेक्टर घ्यावा म्हणतो. दुकानदार सांगतो, 'दहा फूट खोलीचा' घ्या. एक जण तर पितळी दांड्यांचं यंत्र घेऊन घरी आला होता, 'शंभर मीटरवरून सोनं दाखवतं' म्हणाला. काय घेऊ?
— तरुण शेतकरी, यावल तालुका

उत्तर : भाऊ, यंत्र पुढच्या आठवड्यात घेतलं तरी चालेल, पण आज एक काम करा. जिथं पोत पडली त्या पट्ट्याला चारी बाजूंनी सुतळी बांधा आणि त्यात वखर, नांगर, रोटाव्हेटर काहीही घालू नका. सोनं मातीत गंजत नाही, ते तिथंच आहे. पण एकदा अवजार फिरलं की वाट्या एकीकडे आणि साखळी दुसरीकडे जाते, आणि आज वीतभर खोल असलेली वस्तू उद्या हातभर खोल जाते.

पितळी दांडीवाल्याला दारातूनच परत पाठवा. असल्या दांड्यांत धातू ओळखणारं काही नसतं, दांडी धरणाऱ्याच्या मनगटाच्या हालचालीनं वळते. ब्रिटनमधल्या जेम्स मॅककॉर्मिकनं याच धर्तीचं 'एडीई ६५१' नावाचं यंत्र बॉम्ब शोधक म्हणून इराकला विकलं. २०१३ साली त्याला १० वर्षांची शिक्षा झाली. तिथं त्या दांड्यांच्या भरवशावर नाक्यांवर गाड्या तपासल्या जात होत्या. आपल्याकडे याच दांड्यांना कोणी नारळ-लिंबू जोडून गुप्तधनाच्या गोष्टी सांगू लागला, तर गुप्तधनासाठी केलेले अघोरी प्रकार २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहेत, हेही घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

आता 'दहा फूट'. हातात धरायच्या साध्या यंत्राला अंगठीएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंत कळते. मोठा लोखंडी पत्रा किंवा पाइप त्याहून बराच खोल कळेल, कारण खोली वस्तूच्या आकारावर ठरते. म्हणून खोलीचा आकडा सांगणाऱ्याला एवढंच विचारा : 'किती मोठी वस्तू, आणि कोणत्या मातीत?'

मातीचा हा प्रश्न खानदेशात सगळ्यात महत्त्वाचा. आपली काळी माती बेसाल्टच्या खडकातून झालेली आहे आणि त्या खडकात मॅग्नेटाइट म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज असतं. जुन्या स्पीकरचं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि वावरातल्या कोरड्या मातीतून, नाहीतर तापीच्या वाळूतून, चार वेळा ओढा. पिशवीला काळी बारीक दाढी येईल. यंत्राची चकती जमिनीकडे जे चुंबकीय क्षेत्र पाठवते त्याला हे कणही उत्तर देतात, आणि त्या गलक्यात सोन्याचा बारीक आवाज हरवतो.

हे मी पैसे घालवून शिकलो. अमळनेरजवळच्या एका जिनिंगमध्ये ३१ वर्षं मी इलेक्ट्रिशियन होतो. कापसात आलेला एखादा बोल्ट यंत्रात ठिणगी पाडून अख्खी गंजी पेटवू शकतो, म्हणून तिथला पट्ट्यावरचा मेटल डिटेक्टर माझ्या जिवापेक्षा जास्त जपायचो. धातू-शोधक मला पाठ आहेत, अशा समजुतीनं निवृत्तीनंतर वावरासाठी एक स्वस्त यंत्र घेतलं. ओट्यावर ठेवलेली अंगठी ते फूटभरावरून ओळखायचं. वावरात नेलं की पावलागणिक ओरडायचं. संवेदनशीलता कमी केली की अंगठीही गप्प. त्याला जमिनीशी जुळवून घ्यायचं बटणच नव्हतं. तीन महिने मी स्वतःच्या हातांना दोष देत राहिलो.

तेव्हा पहिली अट ही : यंत्राला 'ग्राउंड बॅलन्स', म्हणजे जमिनीशी जुळवून घ्यायची सोय, असली पाहिजे, आणि ती आपल्या वावरातच हातानं किंवा आपोआप जुळली पाहिजे. दुसरी अट, चकती 'डबल-डी' प्रकारची हवी. तिच्या आत इंग्रजी डी अक्षरासारखी दोन वेटोळी एकमेकांवर चढलेली असतात आणि खनिजाच्या मातीत ती एकात एक गोल वेटोळ्यांच्या चकतीपेक्षा शांत चालते. नोक्ता कंपनीचं सिम्प्लेक्स प्लस १२ किलोहर्ट्झ या एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतं, त्यात वावरात जुळवता येणारा ग्राउंड बॅलन्स आहे आणि ते पाण्यातही चालतं. गॅरेटची 'एस' (ACE) मालिका हलकी आणि शिकायला सोपी आहे, पण तिचा ग्राउंड बॅलन्स कारखान्यातच ठरवलेला असतो. हलक्या मातीच्या मुलखात ती छान. आपल्या काळ्या रानासाठी मी ती सांगणार नाही. मिनलॅबचं व्हँक्विश एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरतं आणि जमिनीशी आपोआप जुळतं. कुठलंही घ्या, पण दुकानदाराकडून एक दिवस वावरात चालवून पाहायची परवानगी मिळवा, फरशीवर पाहून पैसे मोजू नका.

आता तुमच्या आईंच्या पोतीबद्दल. काळे मणी काचेचे, यंत्राला ते दिसतच नाहीत. बारीक साखळीही फार कमी दिसते. धातूत फिरणाऱ्या विजेच्या भोवऱ्यावर यंत्र चालतं, आणि साखळीची प्रत्येक कडी सुटी असल्यानं यंत्राला एक लांब दागिना न दिसता कितीतरी चिमुकले तुकडे दिसतात. बोलतील त्या वाट्या. म्हणून शोध वाट्यांचा घ्या, साखळी त्यांच्या आसपास मिळेल.

'डिस्क्रिमिनेशन' शून्यावर ठेवा. नको तो धातू गाळायची ही सोय आहे, आणि नवीन माणूस सगळ्यात आधी तीच वाढवतो. पण सोन्याचा लहान दागिना आणि गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पन्नी पडद्यावर जवळजवळ एकाच आकड्यावर येतात. पन्नी गाळलीत की वाटीही गाळलीत. पहिले सहा महिने प्रत्येक आवाज उकरा. तुटके बोल्ट आणि फाळाचे तुकडेही त्यातच निघतील, म्हणजे रोटाव्हेटरचंही काम होईल.

शिकायचं घरच्या अंगणात. एक भोकाचा पैसा, एक चांदीचं जोडवं, एक खिळा, पन्नीचा गोळा आणि बाटलीचं झाकण घ्या. सोन्याची अंगठी घ्याल तर तिला दोरा बांधून दोऱ्याचं टोक वर ठेवा. सगळं हातभर अंतरावर, चार बोटं खोल पुरा आणि कागदावर नकाशा काढा. हल्लीचा रुपया नको. तो चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलचा आहे, तुमचा कान त्यानं चुकीचा तयार होईल. रोज संध्याकाळी अर्धा तास, आठ दिवस. खिळ्याचा आवाज तुटक येतो आणि बाजू बदलली की बदलतो, जोडव्याचा दोन्ही बाजूंनी गोल आणि सारखा येतो. हा फरक कान शिकतो, पडदा शिकवत नाही. म्हणून हेडफोन लावा.

मग वावर. सुतळीनं हातभर रुंदीचे पट्टे पाडा, खुंट्या लाकडी घ्या. ठिबकच्या नळ्या बाजूला सारा. चकती जमिनीपासून दोन बोटं वर, जमिनीला समांतर. नवीन माणूस दोन्ही टोकांना ती झोपाळ्यासारखी उचलतो आणि तिथली खोली गमावतो. एका फेरीवर दुसरी निम्मी चढली पाहिजे. आवाज आला की आडवी आणि उभी अशी दोन्हीकडून चकती फिरवा, दोन्ही आवाज जिथं छेदतात तिथं खुरपं. कुदळ नको, वाटी चेपेल.

माझ्या मोठ्या बहिणीची अंगठी कापूस वेचताना गेली होती. 'मन्ही अंगठी गयी रे भाऊ,' एवढं म्हणून ती बांधावर बसून राहिली. नवऱ्याच्या पाठीमागे तिच्याकडे त्यांची तेवढीच वस्तू उरली होती. चौथ्या संध्याकाळी, अकराव्या पट्ट्यात, जमिनीच्या एका भेगेच्या तोंडाशी ती बोलली. उन्हाळ्यात काळं रान फाटतं, वस्तू भेगेत उतरते आणि पहिल्या पावसाला माती फुगून तोंड मिटतं. म्हणून पावसाआधी शोधा, आणि भेगांवरून चकती दोनदा न्या. भेग पोकळ असल्यानं तिथं खोटा आवाजही येतो, तो परत फिरवल्यावर टिकत नाही.

प्रश्न : यंत्र चांगलं आहे, ग्राउंड बॅलन्सही आहे, पण आमच्या मळ्यात ते सारखं किरकिरतं. घरी गप्प असतं. बिघडलं का?
— शिक्षिका, शहादा तालुका

उत्तर : ताई, बहुतेक बिघडलेलं नाही. आधी वरती पाहा : विजेची तार, विहिरीवरची मोटर चालू, खिशात मोबाइल. मोबाइल बांधावर ठेवा, मोटर बंद असताना जा. मग स्वतःकडे पाहा : पोलादी टोकाचे बूट, हातातल्या बांगड्या, पट्ट्याचं बक्कल. अलेक्झांडर ग्रॅहम बेलनं १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या अंगातली गोळी शोधायला असंच यंत्र बनवलं होतं. गोळी सापडली नाही. गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी यंत्राला चकवलं होतं, हे नंतर लक्षात आलं.

एवढं करूनही किरकिर राहिली तर जमीन जुळवा. धातू नाही अशा जागी चकती वीतभर उंचीवरून जमिनीपर्यंत वर-खाली करा, आवाज सपाट होईपर्यंत. धुळे-नंदुरबारकडच्या रानांतून काळ्या दगडाच्या भिंतींसारखे डाइक जातात. त्यांच्याजवळ माती पन्नास पावलांत बदलते, त्यामुळे बॅलन्सही पुन्हा करावा लागतो. संवेदनशीलता थोडी उतरवायला कचरू नका. शांत यंत्र कमी खोल पाहतं, पण जे पाहतं ते सांगतं.

प्रश्न : आमच्या गावाला गिरणेच्या काठी जुनी पांढर आहे. पावसाळ्यात तिथं खापरं, मणी उघडे पडतात. मित्र म्हणतात, यंत्र फिरवू. चालेल का?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, जळगाव जिल्हा

उत्तर : नाही. मित्र रागावले तरी नाही.

पांढर म्हणजे माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहून गेल्याची राख आणि माती. याच गिरणेकाठच्या बहाळला आणि तापी-गोमाईच्या संगमावरच्या प्रकाशा गावाला १९५० च्या दशकात उत्खननं झाली, आणि ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती थराथरानं उलगडली. तांब्याचा एक मणी कोणत्या थरात, कोणत्या खापराशेजारी होता, यावरून त्याचं वय कळतं. तुम्ही तो खुरप्यानं वर काढला की मणी हातात राहतो आणि त्याची सगळी साक्ष बुजते, पुन्हा कधीच न मिळण्यासाठी. शिवाय संरक्षित जागी परवान्याशिवाय खणणं हा गुन्हा आहे.

स्वतःच्या वावरात काम करताना काही निघालं, तर गोष्ट वेगळी. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडवलेली १० रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं : काय सापडलं, कुठं, कधी. लपवलं तर शिक्षा आहे. कळवलं तर शोधणाऱ्याचा हक्कही त्याच कायद्यात आहे. १९७४ साली प्रवरेकाठच्या दायमाबादला एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाची मुळं खणताना काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाले. त्या वस्तू वितळल्या नाहीत म्हणून आज देशाला माहीत आहेत.

तुम्हाला असं काही दिसलं तर खणणं तिथंच थांबवा, बाजूला मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि जागेवर खूण ठेवा. वस्तू चिंचेनं, राखेनं घासू नका. तांब्यावरचा हिरवा थर दिसायला मळ वाटतो, पण अभ्यासकाला तो हवा असतो.