वाचकांचे प्रश्न : फॅनआर्ट म्हणजे नुसती नक्कल का?

प्रश्न : मी नागपुरात उपयोजित कलेचे शिक्षण घेते. शाळेत असल्यापासून मी अ‍ॅनिमेतील, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिकांतील, पात्रे काढते आणि इन्स्टाग्रामवर टाकते. आमच्या भागातील चित्रकारांचा एक ऑनलाइन गट आहे. त्यातील एका ज्येष्ठ सदस्यांनी अलीकडे असे लिहिले की, फॅनआर्ट (दुसऱ्याने निर्माण केलेल्या आवडत्या पात्राचे चाहत्याने काढलेले चित्र) ही नक्कल आहे, दुसऱ्याच्या पात्रावर फुकटची वाहवा मिळवणे आहे आणि गटात फक्त स्वतंत्र चित्रेच असावीत. तेव्हापासून गटात सरळ दोन तट पडले आहेत. सोबत माझी दोन चित्रे पाठवते. एकात माझा आवडता तलवारबाज नायक नागपुरातील झिरो माईल स्तंभाजवळच्या घोड्याच्या पुतळ्यावर बसला आहे. दुसरे पूर्णपणे माझे आहे : गोकुळपेठ बाजारातील संत्री विकणारी आजी. पहिल्याला भरभरून लाइक्स मिळाले, दुसऱ्याकडे कोणी फिरकले नाही. मी फॅनआर्ट सोडून द्यावे का?
– एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : आधी लाइक्सचा विषय हातावेगळा करू, कारण तुमच्या गटातील कडवटपणाचे मूळ बहुधा तिथेच आहे. गाजलेल्या पात्राचे नाव असंख्य माणसे रोज शोधत असतात. त्या नावाचा हॅशटॅग लावलेले चित्र त्यांच्यासमोर आपोआप येते, आणि पात्रावर त्यांचा जीव आधीच जडलेला असल्यामुळे चित्र नीट पाहण्यापूर्वीच दाद देऊन ती मोकळी होतात. गोकुळपेठेतील आजीला असे कोणी शोधत नाही. म्हणजे पहिल्या चित्राला मिळालेली दाद थोडी तुमच्या हाताची आणि बरीचशी त्या पात्राच्या निर्मात्याने वर्षानुवर्षे उपसलेल्या कष्टांची आहे. एवढ्यापुरते तुमच्या ज्येष्ठांचे म्हणणे मला मान्य आहे. मात्र दुसऱ्या चित्राकडे कोणी फिरकले नाही, यावरून ते चित्र पडले असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही.

त्यांचे उरलेले म्हणणे मला पटत नाही. दुसऱ्याचे चित्र समोर ठेवून काढणे हा चित्रकला शिकण्याचा फार जुना मार्ग आहे, आणि मोठमोठे चित्रकारही त्या मार्गाने गेले आहेत. व्हॅन गॉगने 1889–90 मध्ये, सेंट रेमीच्या रुग्णालयात असताना, मिले या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांवरून वीसेक चित्रे रंगवली. त्याच्यासमोर होत्या त्या मुख्यतः काळ्या-पांढऱ्या छापील प्रती. रंग सगळा त्याचा स्वतःचा. शेतकरी, त्यांची ठेवण, वाकलेल्या पाठी मिलेच्या, आणि तरीही ते चित्र दुरून पाहिले तरी व्हॅन गॉगचे म्हणून ओळखू येते. आपल्याकडे राजा रविवर्मांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोहोचल्या. पुढे कॅलेंडरे रंगवणाऱ्या कित्येकांनी तीच चेहरेपट्टी उचलली. नागपूरकरांना तर एवढ्या लांब जाण्याची गरजच नाही. गणेशोत्सवाच्या आधी महालातील चितार ओळीत चक्कर मारावी. सोंड, मोदक, मुकुट, बैठक सगळे ठरलेले असते, तरी जाणकार माणूस डोळ्यांच्या आखणीवरून मूर्ती कोणाच्या हातची ते सांगतो. एखादा चित्रपट गाजला की त्याच्या नायकाच्या थाटातील गणपतीही बाजारात येतात. त्याला फॅनआर्ट म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? (ते गणपती मला स्वतःला फारसे रुचत नाहीत, पण तो वेगळा विषय झाला.)

आता तुमची चित्रे. नायकाचे केस, तलवारीची मूठ, अंगरख्यावरील नक्षी हे सगळे अचूक आहे, आणि नेमके त्यामुळेच त्यात पाहण्यासारखे काही नाही, कारण ते मालिकेत जसे आहे तसेच इथे आले आहे. शिवाय त्याचा भार घोड्याच्या पाठीवर आलेलाच नाही. मांडी कुठे दबत नाही, अंगरखा कुठे चुरगळत नाही. तो घोड्यावर बसलेला नसून कापून चिकटवलेला वाटतो. घोडा मात्र तुम्ही तिथे उभे राहून पाहिलेला आहे. मानेखालची सावली, पुढच्या पायाजवळ गिलाव्याचा उडालेला टवका, अयाळीच्या खाचांमध्ये साचलेली धूळ या गोष्टी कोणत्याही अ‍ॅनिमेतून उचलता येत नाहीत. दुसऱ्या चित्रात आजीचा अंगठा संत्र्याच्या सालीत रुतला आहे, तो फार चांगला उतरला आहे. खाली अंथरलेल्या गोणपाटाची दुमडलेली कडही तशीच. पण चेहरा पाहा. टपोरे डोळे, निमुळती हनुवटी, नाकाच्या जागी एक रेघ : तो तुमच्या नायकाचाच चेहरा आहे, फक्त वर दोन सुरकुत्या ओढल्या आहेत.

तेव्हा ज्याला तुम्ही फॅनआर्ट म्हणता त्या चित्रात तुमचा स्वतःचा घोडा आहे आणि ज्याला पूर्णपणे स्वतःचे म्हणता त्यात उसना चेहरा आहे. चित्राखाली कोणते लेबल लावले यावरून किती काम आपले आणि किती दुसऱ्याचे हे ठरत नाही, ते कागदावर जागोजागी शोधावे लागते. तुमच्या गटातील दोन्ही तट लेबलावरून भांडत आहेत, म्हणून तो वाद मिटत नाही.

फॅनआर्ट सोडू नका. तोक्योमध्ये 1975 मध्ये सुरू झालेल्या कॉमिकेट या मेळाव्यात चाहते आवडत्या पात्रांवर स्वतः छापलेल्या पुस्तिका विकत आले आहेत, आणि ‘क्लॅम्प’सारखा नावाजलेला चित्रकर्त्यांचा चमू अशा हौशी पुस्तिकांच्या जगातूनच व्यवसायात आला. पण ते पुढे आले ते स्वतःची पात्रे आणि स्वतःच्या कथा घेऊन. म्हणून तुमच्यासाठी माझी सूचना एवढीच की, काही काळ चेहरे काढताना कोणतेही तयार चित्र समोर ठेवू नका. बर्डीवर, बसथांब्यावर, घरातल्या माणसांचे चेहरे काढा, बिघडले तरी काढा. त्या नायकालाही मग मालिकेत तो कधीच करणार नाही असे काहीतरी करायला लावा : मे महिन्याच्या उन्हात दुपट्टा गुंडाळून सायकल हाकू द्या. तिथे संदर्भचित्र मिळणार नाही, आणि शरीर कसे वाकते हे तुम्हालाच शोधावे लागेल.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी. दुसऱ्या फॅन चित्रकाराने जुळवलेली ठेवण स्क्रीनवर ठेवून तिच्यावरून गिरवणे आणि खाली आपली सही करणे याला मी शिकणे म्हणणार नाही. मोठ्या कंपनीच्या पात्राचे मूळ सगळ्यांना ठाऊक असते. त्या मुलाचे किंवा मुलीचे नाव मात्र कायमचे पुसले जाते.

प्रश्न : माझा मुलगा महाविद्यालयाच्या महोत्सवात गाजलेल्या कॉमिक पात्रांचे स्टिकर आणि कीचेन विकतो. चित्रे तो स्वतः काढतो. यात कायद्याची काही अडचण आहे का?
– एक पालक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : आहे. कॉपीराइट कायदा, 1957 नुसार मूळ कलाकृतीच्या प्रती काढण्याचा आणि तिचे रूपांतर करण्याचा हक्क मालकाकडे असतो. कलम 52 मध्ये खाजगी वापर, समीक्षा अशा काही सवलती आहेत. परंतु स्टिकर विकणे हा खाजगी वापर ठरत नाही. चित्र स्वतःच्या हाताने काढले म्हणून पात्र आपले होत नाही, आणि ‘कॉपीराइटचा भंग करण्याचा हेतू नाही’ असे खाली लिहिल्यानेही काही साधत नाही. पात्राचे नाव किंवा चिन्ह नोंदणीकृत ट्रेडमार्क असेल तर तो आणखी एक मुद्दा. व्यवहारात अनेक कंपन्या अशा लहान विक्रीकडे काणाडोळा करतात, आणि काहींनी चाहत्यांसाठी लेखी नियमही जाहीर केले आहेत. मुलाने त्या-त्या पात्राच्या कंपनीचे नियम आधी वाचावेत. काणाडोळ्याला परवानगी समजून त्यावर धंदा उभा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरीकडे, कल्पनेवर कोणाची मालकी नसते. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हेच सांगितले की, संरक्षण कल्पनेला नसून तिच्या मांडणीला आहे. मुखवटा घातलेला, रात्री शहर राखणारा वीर कोणीही काढावा. अमुक कंपनीचा अमुक वीर काढून विकू नये. चित्रकाराच्या निधनानंतर 60 वर्षांनी त्याच्या चित्रांवरील हक्क संपतो, त्यामुळे रविवर्मांची चित्रे आज खुली आहेत. पंचतंत्रातील करटक-दमनक आणि आपला मारुतीही खुले आहेत. फक्त आजच्या एखाद्या चित्रकाराने काढलेला विशिष्ट मारुती उचलू नये. आणि नागपूरच्या मुलाला विषयांचा तोटा असू नये : मिरवणुकीत निघणाऱ्या काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे पुतळे, त्यांच्यासोबतचे दरवर्षी नवे रूप घेणारे बडगे (हेही पुतळेच), तान्ह्या पोळ्यातील लाकडी बैल. हे स्टिकर महाविद्यालयात खपतील, असे मला तरी वाटते.

प्रश्न : आमच्या ऑनलाइन समूहाच्या मासिक स्पर्धेत प्रत्येक वेळी फॅनआर्टच जिंकते. स्वतंत्र पात्रे काढणाऱ्यांनी भाग का घ्यावा?
– एक चित्रकार, धरमपेठ

उत्तर : विजेता सदस्यांच्या मतांवर ठरत असेल तर हेच होत राहणार, तिथे लोक बहुतेक वेळा चित्राऐवजी पात्राला मत देतात. फॅनआर्टवर बंदी घालण्याऐवजी दोन विभाग करा, आणि स्वतंत्र विभागाचा निकाल दोन-तीन जाणत्या परीक्षकांकडे सोपवून त्यांच्याकडून प्रत्येक चित्रावर चार ओळींचा लेखी अभिप्राय घ्या. फॅनआर्ट विभागातही मूळ पात्राचे आणि निर्मात्याचे नाव लिहिणे सक्तीचे असावे. परीक्षक मिळत नसतील तर स्पर्धा दर महिन्याऐवजी तीन महिन्यांनी घ्या.