‘नर्व्हस’ सोडून धाकधुकीला इंग्रजीत काय म्हणायचं?

इंटरव्ह्यू असो की निकाल, इंग्रजीत लिहिताना दरवेळी ‘नर्व्हस’ हाच शब्द सुचतो, दुसरे कोणते, असं तुम्ही विचारलंय. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात नववी-दहावीला इंग्रजी शिकवते, घरी कापसाचं वावर आहे. हे शब्द मला वावरातच नीट उमगले, म्हणून तिथूनच सांगते.

‘नर्व्हस’ चुकीचा नाही. दाराबाहेर बसल्यावर तळहाताला घाम सुटतो, तोंडाला कोरड पडते, तेव्हा तोच शब्द. पण ती धाकधूक घडीभराची. मृगाच्या पावसावर सरकी टोबली आणि नंतर आठ दिवस आभाळ कोरडं, तेव्हा जिवाला जो घोर लागतो तो ‘अँक्शस’. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच आवळणं. एक मात्र जपा: ‘अँक्शस अबाउट’ म्हणजे काळजीत, पण ‘अँक्शस टू’ म्हणजे बहुधा उत्सुक.

आधी पोळलेल्या माणसाला ‘ॲप्रिहेन्सिव्ह’ शोभतो. २०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीनं कापसाची वाट लावली. तेव्हापासून पऱ्हाटीला फुलं लागली की बाबा सकाळी पाकळ्या मिटलेलं फूल शोधत फिरतात. आत अळी शिरली की फूल असं मिटून राहतं, तीच डोमकळी. “पाह्य बरं, डोमकळी तं नाही ना?” मी फूल उकलते. आत अळी नसते, तरी पुढच्या झाडाकडे वळताना छातीत पुन्हा तेच.

आणि अळी सापडलीच, आता बोंडं फोडून बघणं भाग आहे पण हात धजत नाही, तर ‘ड्रेड’. हे क्रियापद आहे, पुढे ‘अबाउट’ लावू नका. ‘आय ड्रेड ओपनिंग द बोल्स’, बस.

पोटात गोळा येतो त्याला इंग्रजीत पोटात फुलपाखरं म्हणतात. बोलण्यात ठीक, अर्जात नको.

मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो ‘ऑन टेंटरहुक्स’. पूर्वी इंग्लंडात लोकरीचं ओलं कापड वाळताना आटू नये म्हणून लाकडी चौकटीवर ताणून बसवत, कडा आकड्यांना अडकवत. ती चौकट म्हणजे टेंटर. आपण जीव टांगणीला लागला म्हणतो, तेच ना हे! दहावीच्या निकालाची वाट पाहणाऱ्या पोरांना मी हाच शब्द देते.

तुमच्या बाबतीत, इंटरव्ह्यूला आत जाईपर्यंत नर्व्हस, आणि बाहेर आल्यावर पत्र येईपर्यंत ऑन टेंटरहुक्स.