नववीची गुणपत्रिका आणि १२० क्रेडिट्स

वाचकांचे प्रश्न : शिक्षण आणि स्थलांतर

प्रश्न : माझी बदली येत्या जुलै महिन्यात पुण्याहून अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील एडिसन येथे होत आहे. मुलगा महाराष्ट्र राज्य मंडळाची दहावी इंग्रजी माध्यमातून ७८ टक्के गुणांनी उत्तीर्ण झाला आहे. त्याला तेथे अकरावीत घेतील का, येथे शिकलेले विषय तेथे धरले जातील का आणि त्याचे हायस्कूल दोन वर्षांत पूर्ण होईल का? एका परिचितांनी ‘तिकडे बारावी होतेच, काळजी करू नका’ असे सांगितले आहे. — एक पालक, कोथरूड

उत्तर : दोन वर्षांत हायस्कूल पूर्ण होऊ शकते, परंतु आपल्या परिचितांच्या वाक्यातील ‘होतेच’ या शब्दावर विसंबू नका. आपल्याकडे बारावी म्हणजे मंडळाची एक परीक्षा, तिचा एक निकाल आणि त्या निकालाची एक तारीख. अमेरिकेत तसे मंडळ नाही. तेथे हायस्कूल नववी ते बारावी असे चार वर्षांचे असते आणि या चार वर्षांत ठरावीक विषयांची ठरावीक क्रेडिट्स (विषय पूर्ण केल्याबद्दल नोंदवली जाणारी एकके) जमा झाली की डिप्लोमा, म्हणजे हायस्कूल पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र, मिळतो. न्यू जर्सीत राज्याने ठरवलेली किमान संख्या १२० क्रेडिट्सची आहे आणि स्थानिक शालेय डिस्ट्रिक्टला, म्हणजे त्या भागातील सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेला, ती वाढवण्याची मुभा आहे. वर्षभर रोज तास असलेल्या विषयाला साधारणपणे ५ क्रेडिट्स मिळतात, हे एक माप लक्षात ठेवले की पुढचा सगळा हिशेब वहीच्या एका पानावर मांडता येतो.

या १२० क्रेडिट्सपैकी इंग्रजीला २०, गणिताला १५, विज्ञानाला १५ आणि सामाजिक शास्त्रांना १५ जातात. त्याखेरीज दृश्य किंवा प्रयोगकलांची ५, परकीय भाषेची ५, व्यवसायाभिमुख विषयांची ५, आर्थिक साक्षरतेची अडीच आणि आरोग्य व शारीरिक शिक्षणाची दरवर्षी पावणेचार, म्हणजे चार वर्षांची मिळून १५, अशी सक्तीची क्रेडिट्स आहेत. ही बेरीज साडेसत्त्याण्णव होते आणि उरलेली साडेबावीस विद्यार्थ्याने आवडीच्या विषयांतून भरायची असतात. आपल्या मुलाची गोष्ट येथेच वेगळी होते, कारण हायस्कूलची पहिली दोन वर्षे तो पुण्यात शिकून बसला आहे आणि त्या दोन वर्षांचे काय धरायचे हे तेथील शाळा त्याची कागदपत्रे पाहून ठरवणार आहे.

म्हणून सर्वांत आधी नववीची गुणपत्रिका शोधा. दहावीच्या गुणपत्रिकेला आपण प्लास्टिकचे आवरण घालतो, तिच्या चार साक्षांकित प्रती काढतो. नववीचे प्रगतिपुस्तक मात्र दहावीचे वर्ग सुरू झाले की माळ्यावर जाते, कारण आपल्या व्यवस्थेत पुढे ते कोणीही विचारत नाही. अमेरिकी शाळेच्या दृष्टीने ती नववी हायस्कूलचे पहिले, पूर्ण वजनाचे वर्ष आहे आणि तिचा कागद नसेल तर पंचवीस-तीस क्रेडिट्सचा पुरावाच नाही. आम्ही नाशिकहून अमेरिकेत आलो तेव्हा माझ्या मुलीचे नववीचे प्रगतिपुस्तक सापडले नाही. शाळेकडून दुसरी प्रत मिळण्यात चार महिने गेले आणि तोवर तिला नववीत शिकलेली भूमिती पुन्हा शिकावी लागली. आपण अजून पुण्यात आहात, शाळा दहा मिनिटांच्या अंतरावर आहे, तेव्हा नववी आणि दहावी या दोन्ही वर्षांची विषयवार गुणपत्रके शाळेच्या छापील कागदावर, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यासह, दोन-दोन प्रतींत घ्या आणि त्यांतली एक बंद पाकिटात ठेवा.

त्याच वेळी मुख्याध्यापकांकडून एक छोटे पत्रही मागून घ्या, ज्यात आपल्याकडची गुणपद्धती सांगितलेली असेल : उत्तीर्णतेसाठी ३५, प्रथम श्रेणीसाठी ६० आणि विशेष प्रावीण्यासाठी ७५ टक्के. हे मी आग्रहाने सांगतो, कारण बहुतेक अमेरिकी शाळांत ९० च्या वर ‘ए’ आणि सत्तरीतल्या गुणांना ‘सी’ असे धरतात. आपल्या मुलाचे विशेष प्रावीण्याचे ७८ टक्के कोणी सरळ त्या कोष्टकात टाकले, तर पेढे वाटून साजरा केलेला निकाल तेथे मध्यम दर्जाचा ठरतो आणि तो ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे हायस्कूलच्या एकत्रित गुणनोंदीवर, चढला की पुढे विद्यापीठांपर्यंत जातो.

आता विषयांकडे येऊ. गणिताच्या १५ क्रेडिट्समध्ये अल्जिब्रा वन, जॉमेट्री आणि या दोन्हींवर आधारलेला तिसरा विषय असावा लागतो. आपला मुलगा नववी-दहावीत गणित भाग १ म्हणजे बीजगणित आणि भाग २ म्हणजे भूमिती शिकला आहे, परंतु मंडळाच्या गुणपत्रिकेवर मात्र ‘गणित, १०० पैकी’ एवढीच एक ओळ असते. ती ओळ वाचणाऱ्या काउन्सेलरला, म्हणजे विषय ठरवून देणाऱ्या शाळेतील सल्लागाराला, तिच्यामागे वर्गसमीकरणे, समरूपता, वर्तुळ आणि त्रिकोणमिती आहे हे कळण्याचा मार्ग नाही. बालभारतीच्या इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकांच्या अनुक्रमणिका छापून सोबत न्या. माझा अनुभव असा की, प्रशस्तिपत्रकांची जाड फाइल जे काम करत नाही ते या चार-पाच पानांनी होते. अल्जिब्रा वन आणि जॉमेट्री मान्य झाले की अकरावीत अल्जिब्रा टू आणि बारावीत प्री-कॅल्क्युलस हा क्रम सरळ लागतो. कधी कधी शाळा एक चाचणी घेऊन एक पायरी वर चढू देते, पण लॉगॅरिदम आपल्याकडे अकरावीत येते आणि अल्जिब्रा टूमध्ये ते गृहीत धरलेले नसून शिकवलेले असते, तेव्हा हा विषय गाळण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे.

विज्ञानात प्रयोगांसह जीवशास्त्र सक्तीचे आहे. त्यानंतर रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र यांपैकी एक आणि आणखी एक प्रयोगशाळेचा विषय लागतो. आपल्याकडच्या एकत्रित ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ या विषयाची फोड कशी करायची हे डिस्ट्रिक्टच्या हातात आहे. मुलाची प्रयोगवही रद्दीत गेली नसेल तर ती बॅगेत टाका. विषय प्रयोगांसह शिकवला गेला होता, हे दाखवायला तिच्याइतका सोपा पुरावा नाही.

खरी अडचण सामाजिक शास्त्रांत येते. न्यू जर्सीच्या कायद्यानुसार अमेरिकेचा इतिहास दोन वर्षे, म्हणजे १० क्रेडिट्सचा, शिकावाच लागतो आणि जगाच्या इतिहासाची ५ क्रेडिट्स वेगळी असतात. आपल्या नववीच्या इतिहासात स्वातंत्र्योत्तर भारत आहे आणि दहावीत इतिहासलेखन व उपयोजित इतिहास आहे. दोन्ही पुस्तके चांगली आहेत, पण त्यांना जगाचा इतिहास म्हणावे की नाही यावर काउन्सेलर अडू शकतात. तसे झाले तर मुलाला अकरावीत एकाच वेळी दोन इतिहास घ्यावे लागतील, नाहीतर एक विषय उन्हाळी वर्गात उरकावा लागेल. हे जुलैतच विचारून ठेवा. ऑक्टोबरात कळले तर वेळापत्रकात जागा उरलेली नसते.

परकीय भाषेचे काम त्यामानाने सोपे आहे. न्यू जर्सीत भाषेचा वर्ग करण्याऐवजी प्रावीण्य सिद्ध करूनही ही अट पुरी करता येते, आणि गुणपत्रिकेवर मराठी व हिंदी या दोन्ही भाषा असताना मुलाला स्पॅनिशच्या पहिल्या पायरीवर बसवण्याचे काही कारण नाही, जर त्याला स्वतःला ती शिकायची नसेल तर. कलेच्या क्रेडिट्ससाठी ‘स्व-विकास व कलारसास्वाद’ या विषयाची श्रेणी पुढे करून पाहा, मानली तर एक विषय वाचेल. शारीरिक शिक्षण तेथे घालवलेल्या प्रत्येक वर्षाला लागू असल्याने मुलाला दोनच वर्षांचे करावे लागेल, परंतु ते करावेच लागेल. खेळाच्या तासाला गैरहजर राहिल्याने डिप्लोमा अडकणे ही आपल्याकडच्या पालकांना थट्टा वाटते, तेथे ती नाही.

वर्ग ठरवण्याचा अधिकार शाळेचा आहे आणि दहावी पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याने अकरावीचाच आग्रह धरणे योग्यच आहे. मात्र घरी मराठी बोलत असल्याचे प्रवेशाच्या वेळी भरून द्याल तेव्हा शाळा त्याची इंग्रजीची चाचणी घेईल. त्यात अपमान मानू नका आणि ‘घरी फक्त इंग्रजी’ असे खोटे तर मुळीच लिहू नका, नाहीतर वर सांगितलेल्या मराठीच्या प्रावीण्याचे क्रेडिट मागताना आपलेच लिखाण आडवे येईल. राज्याची डिप्लोमासाठीची परीक्षा अलीकडे अकरावीच्या वसंतात होते, तेव्हा मुलाला ती पहिल्याच वर्षी द्यावी लागेल हेही लक्षात असू द्या.

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात बे एरियात राहतो. मुलगी आठवीत आहे. शाळेच्या सभेत सांगितले की डिप्लोमासाठी गणित दोन वर्षे आणि विज्ञान दोन वर्षे पुरे आहे. मग सगळी मुले चार-चार वर्षे का घेतात? ती पाच वर्षे शनिवार-रविवारच्या मराठी शाळेत जाते, त्याचा भाषेसाठी उपयोग होईल का? — एक आई, फ्रीमॉन्ट

उत्तर : सभेत सांगितलेले चूक नाही, मात्र ते अर्धेच आहे. कॅलिफोर्निया राज्याची किमान अट खरोखरच इंग्रजी तीन वर्षे, गणित दोन, विज्ञान दोन, सामाजिक शास्त्रे तीन, शारीरिक शिक्षण दोन आणि कला, परकीय भाषा किंवा व्यवसायशिक्षण यांपैकी एकाचे एक वर्ष अशी आहे. पुष्कळ डिस्ट्रिक्ट याहून अधिक मागतात, ते वेगळेच. पण युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी या दोन्ही सरकारी विद्यापीठ-समूहांना प्रवेशासाठी जी ‘ए टू जी’ नावाची यादी लागते, तिच्यात वर्षभराचे १५ विषय आहेत : इतिहास दोन वर्षे, इंग्रजी चार, गणित तीन, विज्ञान दोन, परकीय भाषा दोन, कला एक आणि ऐच्छिक एक. गणिताचे चौथे, विज्ञानाचे तिसरे आणि भाषेचे तिसरे वर्ष करावे, अशी विद्यापीठाची शिफारस आहे. म्हणजे डिप्लोमा हाती असलेली मुलगी विद्यापीठाच्या दाराशी अपात्र ठरू शकते, आणि तशी ठरलेली मुले माझ्या पाहण्यात आहेत.

या दोन याद्यांमधला सर्वांत फसवा फरक श्रेणीचा आहे. ‘डी’ मिळाला तरी शाळा विषय उत्तीर्ण धरते आणि क्रेडिट देते, पण ‘ए टू जी’साठी ‘सी’ किंवा त्याहून वरची श्रेणी लागते. ट्रान्सक्रिप्टवर क्रेडिट दिसते म्हणून पालक निर्धास्त राहतात आणि तो विषय विद्यापीठाच्या हिशेबात शून्य असतो. त्याचप्रमाणे प्रत्येक हायस्कूलची मान्यताप्राप्त विषयांची यादी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर स्वतंत्रपणे असते. शाळेच्या माहितीपुस्तिकेत झळकणारा प्रत्येक आकर्षक विषय तिच्यात असतोच असे नाही. १५ पैकी ११ विषय बारावी सुरू होण्याआधी संपलेले असावे लागतात, त्यामुळे ‘शेवटच्या वर्षी बघू’ हा मार्ग बंद आहे.

मुलीला आठवीत अल्जिब्रा वन मिळाले असेल तर ‘ए टू जी’साठी ते गणिताचे एक वर्ष धरले जाते. शाळेच्या डिप्लोमासाठी मात्र त्याचे क्रेडिट मिळते की नाही हे आपल्या डिस्ट्रिक्टला विचारावे लागेल.

मराठी शाळेबद्दल स्पष्ट सांगतो. बृहन्महाराष्ट्र मंडळ या उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांच्या शिखर संस्थेच्या अभ्यासक्रमाने मुलगी वाचती-लिहिती झाली असेल तर ते कौतुकाचेच आहे, परंतु शनिवारची शाळा आपोआप ट्रान्सक्रिप्टवर येत नाही. डिस्ट्रिक्टने त्या शाळेचा वर्ग मान्य केला असेल किंवा हायस्कूल प्रावीण्य तपासून तसे प्रमाणित करण्यास तयार असेल तरच भाषेची अट पुरी होते. नववीच्या नोंदणीआधी काउन्सेलरला ईमेलने विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या, कारण चार वर्षांत काउन्सेलर बदलतात आणि तोंडी होकार त्यांच्याबरोबर जातो. बारावीनंतर डिप्लोमावर लागणारी द्विभाषिकत्वाची मोहर, जिचा कायदा देशात सर्वप्रथम कॅलिफोर्नियाने २०११ मध्ये केला, ती मराठीसाठी मिळवता आली तर जरूर मिळवावी. मात्र ती मोहर भाषेच्या दोन वर्षांची जागा घेत नाही.

प्रश्न : आमचा नातू टेक्सासमध्ये दहावीत आहे. त्याला पुढे महाराष्ट्रात वैद्यकीय शिक्षण घ्यायचे आहे. तेथील डिप्लोमा चालेल का? — एक आजोबा, सांगली

उत्तर : परदेशी डिप्लोमाला बारावीची समकक्षता भारतीय विश्वविद्यालय संघ देतो आणि त्यांचे प्रमाणपत्र लागेल. अडचण डिप्लोमाची नसून विषयांच्या क्रमाची आहे. अमेरिकेत जीवशास्त्र बहुधा नववीत, रसायनशास्त्र दहावीत आणि भौतिकशास्त्र अकरावीत उरकते, तर आपल्याकडे वैद्यकीय प्रवेशासाठी हे तिन्ही विषय आणि इंग्रजी अकरावी-बारावीच्या पातळीवर झालेले असावे लागतात, शिवाय नीट परीक्षा आहेच. नातवाच्या वडिलांना सांगा की अकरावीचे विषय निवडण्याचा अर्ज बहुतेक शाळांत आदल्या हिवाळ्यातच भरून घेतात. त्या अर्जात वरच्या पातळीचे जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र पुन्हा मागून घ्यावे, आणि काउन्सेलरने ‘हे तर याचे झाले आहे’ असे म्हटले तर कारण समजावून सांगावे.